जनावरांकडून माणसाला येणारे ताप : पहिली खबर तुमच्याच हाती



गोठ्यातली गाय चारा खाईनाशी झाली, की आपण लगेच चार जणांना विचारतो. पण रानात दोन माकडं मरून पडलेली दिसली, किंवा शेजारच्या खुराड्यातल्या पंधरा कोंबड्या एका रात्रीत आडव्या झाल्या, तर आपण काय करतो? बहुतेक वेळा काहीच नाही. माकडाला कोल्हीकुत्री खातात. कोंबड्या खाडीत नाहीतर उकिरड्यावर जातात. विषय संपला, असं आपण समजतो.

विषय तिथं संपत नाही. कधी कधी तिथंच तो सुरू होतो. माणसाचे जीव घेणारे काही ताप आधी जनावरात, पाखरात किंवा वटवाघळात असतात. तिथून ते माणसात येतात. असा ताप वेळेवर ओळखायचा, तर नुसता डॉक्टर पुरा पडत नाही आणि नुसता जनावरांचा डॉक्टरही पुरा पडत नाही. दोघांनी, आणि त्यांच्या जोडीला जंगल खात्यानं व प्रयोगशाळेनं, एकत्र बसावं लागतं. आणि या सगळ्यांना पहिली हाक मारणारा माणूस म्हणजे तुम्ही. वैतरणेच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी, तसंच सफाळे, मनोर, बोईसर, तारापूरकडच्या मंडळींनी हे का समजून घ्यावं, ते या पत्रिकेत सांगितलं आहे.

विषाणू म्हणजे काय?

विषाणू हा इतका बारीक असतो की शाळेतल्या सूक्ष्मदर्शक यंत्रातही दिसत नाही. त्याला स्वतःहून वाढता येत नाही. बांडगूळ जसं आंब्याच्या जिवावर जगतं, तसा हा दुसऱ्याच्या शरीरातल्या जिवंत पेशीत शिरतो आणि तिथं आपली पैदास करतो.

बहुतेक विषाणूंचं एक ठरलेलं घर असतं. कुणाचं घर वटवाघूळ, कुणाचं पाणपक्षी, कुणाचं गोचीड. आपल्या जुन्या घरात तो फारसा धिंगाणा घालत नाही, म्हणून ते जनावर धडधाकट दिसतं. पण तोच विषाणू परक्या घरी, म्हणजे माणसाच्या अंगात आला, की घराची मोडतोड करतो. तो यायच्या मुख्य वाटा तीन. एक, गोचीड किंवा डास चावून. दोन, आजारी जनावराचं रक्त, लाळ, विष्ठा किंवा कच्चं मांस हाताळून. तीन, त्याचं उष्टं फळ किंवा रस पोटात गेल्यामुळं.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करू. जनावराचा प्रत्येक रोग माणसाला होत नाही. २०२२ साली गुराढोरांत लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली. तो रोगही विषाणूचाच, पण माणसाला त्याची लागण होत नाही. तेव्हा उगाच घाबरायचं नाही. कुठला रोग उडी मारतो आणि कुठला मारत नाही, हे शोधून काढणं हेच तर या संशोधनाचं काम आहे.

माकडं मेली आणि पुण्याची माणसं निघाली

ही गोष्ट १९५७ सालची. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. तिथं माकडं पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास जंगलाकडेच्या गावांतली माणसंही जबर तापानं पडू लागली. गावकऱ्यांनी दोन गोष्टींची सांगड घातली आणि त्या तापाला नावच पाडलं, माकडताप.

पुण्यात तेव्हा विषाणू संशोधन केंद्र होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि अमेरिकेतली रॉकफेलर फाउंडेशन या दोघांनी मिळून ते १९५२ साली काढलं होतं. १९७८ पासून याच केंद्राला आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो. तिथली माणसं जंगलात गेली. पहिला संशय पीतज्वराचा होता, कारण दक्षिण अमेरिकेत त्या तापानं माकडं आणि माणसं दोन्ही मरतात. तो ताप भारतात शिरला असता तर हाहाकार झाला असता. म्हणून त्यांनी रोग्यांचं रक्त तपासलं, मेलेली माकडं तपासली, आणि झाडपाल्यातल्या गोचिडीही गोळा केल्या. पीतज्वर नव्हता. विषाणू नवाच निघाला, आणि तो पसरवणारी निघाली रानातली एवढीशी गोचीड.

पुढं आणखी एक कोडं पडलं. या विषाणूचे भाऊबंद थेट रशियाकडच्या जंगलांत सापडत होते. मग हा इकडं आला कसा? हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांच्या अंगावर बसून तर गोचिडी येत नसतील? याची शहानिशा करायला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पाखरं धरून, पायात कडी घालून सोडायचं मोठं काम हाती घेतलं. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली त्यात पुढं होते. बघा, ताप माणसाचा, मेली माकडं, संशय गोचिडीवर आणि शोध पाखरांचा. एका खात्याचं हे काम नव्हे, ते असं.

हा माकडताप पुढं आपल्या राज्यातही आला. २०१६ च्या जानेवारीत सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात माकडं मेली आणि माणसं आजारी पडली. काजूच्या बागांत आणि रानात काम करणाऱ्यांना याचा धोका जास्त. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, कारण त्या दिवसांत या गोचिडीची बारकी पिल्लं रानात फार असतात. तिथल्या लोकांना आता पक्कं ठाऊक झालं आहे की मेलेलं माकड ही धोक्याची घंटा आहे.

गुजरातचा गोचीडताप आणि आपली हद्द

आता आपल्या शेजारी येऊ. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यात कोलाट गावची एक बाई तापानं आणि रक्तस्रावानं दगावली. तिच्या पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. नमुने पुण्याला गेले. उत्तर आलं, क्रिमियन काँगो ताप. भारतात हा रोग खात्रीनं सापडल्याची ही पहिली वेळ.

मग डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर आणि कीटकतज्ज्ञ एकत्र गावात उतरले. माणसांचं रक्त घेतलं, गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचं घेतलं, गोचिडीही वेचल्या. जनावरांच्या रक्तात या विषाणूशी झुंजल्याच्या खुणा निघाल्या आणि हायलोमा जातीच्या गोचिडीत विषाणू निघाला. म्हणजे रोग बाहेरून आला नव्हता, गोठ्यातच दबा धरून होता. पुढं २०१३-१४ मध्ये २२ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या गुराढोरांचे व शेळ्यामेंढ्यांचे ५,६३६ नमुने तपासले. त्यांतल्या ३५४ मध्ये ही खूण सापडली. साधारण सोळा जनावरांमागे एक.

मग त्या जनावरांना काही होत कसं नाही? हीच या रोगाची गोम आहे. विषाणू जनावराच्या रक्तात आठवडाभर राहतो आणि निघून जातो. जनावर चारा खातं, दूध देतं, तापल्यासारखंसुद्धा दिसत नाही. माणसाचं मात्र तसं नाही. एकाएकी सडकून ताप येतो. डोकं, पाठ आणि सांधे ठणकतात, डोळे लाल होतात, ओकाऱ्या होतात. पुढं नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ लागतं, कातडीखाली रक्ताचे चट्टे उठतात. शंभर रोग्यांत दहापासून चाळीसपर्यंत दगावू शकतात. सगळीकडे देता येईल अशी लस अजून नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या पालघर जिल्हा प्रशासनानं या तापाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. कारण सरळ आहे. गुजरातच्या काही जिल्ह्यांत रोगी आढळले होते आणि आपली तलासरी-डहाणूची हद्द वलसाडला लागून आहे. अहमदाबाद महामार्गावरून शेळ्या-बोकडांचे ट्रक इकडे येतात. गोचिडीला जकात नाका नसतो.

वटवाघूळ, चिकू आणि ताडी

तिसरी गोष्ट निपाह विषाणूची. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांत ही साथ उठली आणि १०५ माणसं गेली. दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. शोध घेतल्यावर कळलं, की डुकरांच्या गोठ्यालगत फळबागा होत्या. रात्री वटवाघळं फळं खात, उष्टी फळं खाली पडत, ती डुकरं खात आणि डुकरांकडून ताप माणसात येई. पुढं बांगलादेशात मधे डुकरंही नव्हती. तिथं खजुरीच्या झाडाचा रस रात्रभर मडक्यात साठवतात. संशोधकांनी रात्री दिसणारे कॅमेरे झाडावर लावले. वटवाघळं झाडाची छाटलेली जागा चाटताना आणि मडक्यात तोंड घालताना दिसली. सकाळी तोच रस लोक कच्चा पीत होते. त्या रसापासून केलेली दारूही काही ठिकाणी लागणीचं कारण ठरली.

डहाणू-घोलवडचा चिकू आणि आपल्या किनाऱ्यावरची ताडी डोळ्यांपुढं आणा, म्हणजे ही परदेशची गोष्ट आपल्याला का सांगितली ते कळेल. केरळात मे २०१८ मध्ये कोझिकोड भागात निपाहनं १७ माणसं गेली. आणि मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या शास्त्रज्ञांनी घेतले, त्यांत निपाहची खूण सापडली. ती वटवाघळांत सापडली, माणसांत साथ नव्हती, हे नीट ध्यानात घ्या. साथ येण्याआधीच चोराची पावलं ओळखावीत, म्हणून तर असे नमुने घेतात.

मग वटवाघळं मारून टाकावीत का? मुळीच नाही. मोहाचं परागीकरण वटवाघूळ करतं, रानात बी टाकतं. त्याच्या जातीतली बारकी भावंडं रात्री किडे खातात. शिवाय झाडावरची वसाहत हुसकली, तर भेदरलेली वटवाघळं चार नव्या ठिकाणी जाऊन बसतात. त्यांना त्यांच्या जागी राहू द्या. आपलं मडकं तेवढं झाका.

खबर दिली तर आपलंच नुकसान, असं वाटतं ना?

इथंच खरी अडचण आहे, आणि ती आम्ही जाणतो. कोंबड्या मेल्याचं कळवलं तर सरकारी माणसं येतील, उरलेल्याही मारतील, बाजार बंद होईल. त्यापेक्षा गुपचूप विकून मोकळं व्हावं, असं कुणाच्याही मनात येतं. हातावर पोट असलेल्या माणसाला ते सुचलं, तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हिशेब मांडून पाहा.

भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आणि आपल्या वसई-विरार भागातही निघाला. या रोगात सरकारी पथकानं जे पक्षी मारले, त्यांची भरपाई मिळते. नष्ट केलेली अंडी आणि खाद्य यांचीही मिळते. पण आधीच रोगानं मेलेल्या पक्ष्याची भरपाई मिळत नाही. म्हणजे जितका उशीर, तितक्या कोंबड्या फुकट जाणार. लवकर कळवणाऱ्याचंच पदरात काही पडतं. आणि गुपचूप विकलेली एक पाटी शेजारच्या पाच गावांची खुराडी रिकामी करते, ते वेगळंच.

कायदाही हेच सांगतो. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणं, यादीतला साथीचा रोग आपल्या जनावरात असल्याचा संशय आला तर गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

तुमची खबर पुढं जाते कुठं?

तुम्ही गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात सांगितलं, की तिथले डॉक्टर नमुना घेतात. तो बर्फाच्या डब्यातून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातो. बर्ड फ्लूसारखा संशय असेल तर पुढं भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत. माणसाच्या रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्र, मग जिल्हा आरोग्य खातं, अशा वाटेनं राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जातो. काँगो किंवा निपाहसारख्या जहाल विषाणूंसाठी या संस्थेची पुण्यात पाषाणला खास प्रयोगशाळा आहे. तिथं शास्त्रज्ञ अंगभर बंद पोशाख घालून, बाहेरून नळीनं आलेली हवा घेत काम करतात. माणूस, जनावर आणि रान यांचा विचार एकत्र करण्यासाठी नागपूरला राष्ट्रीय एक-आरोग्य संस्थेची पायाभरणीही ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली.

एवढी मोठी यंत्रं आणि एवढी शिकलेली माणसं, पण त्यांना रानातलं मेलेलं माकड पुण्यात बसून दिसत नाही. ते गुराख्याला दिसतं. खुराड्यातली पडझड घरच्या बाईला पहाटे दिसते. मोळीला गेलेल्या बायांना, करवंदं तोडायला गेलेल्या पोरांना दिसते. म्हणून म्हटलं, पहिली खबर तुमच्या हाती.

आता काय करायचं, ते नीट ध्यानात ठेवा

१. गोचीड नखानं चिरडू नका, दगडावरही ठेचू नका. तिच्या पोटातलं रक्त बोटाच्या बारीक जखमेतून आत जाऊ शकतं. हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घालून, चिमट्यानं ती काढा आणि साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलच्या डबीत टाका.

२. गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा बुजवा, चुना मारा. गोचिडीची मादी अंडी जनावराच्या अंगावर घालत नाही, जमिनीवर आणि फटीत घालते. नुसतं जनावर धुऊन भागत नाही. गोचीडनाशक औषध दवाखान्यात विचारून, सांगितलेल्या मापानंच वापरा आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा फवारा.

३. बाजारातून आणलेली शेळी, बोकड किंवा गाय लगेच कळपात सोडू नका. दोन आठवडे वेगळी बांधा आणि गोचिडी काढा. कापायच्या बोकडाचं तर हे आवर्जून करा. कापताना, सोलताना हातात रबरी मोजे हवेत. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवा. मांस पुरं शिजवून खाल्लं तर भीती नाही. दूध उकळूनच प्या.

४. रानात जाताना अंगभर कपडे घाला. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढा, गरम पाण्यात टाका, आंघोळ करा. काखेत, जांघेत, कानामागं गोचीड आहे का ते पाहा. अंगाला चिकटली असेल तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. विडीचा चटका देऊ नका, रॉकेल चोळू नका.

५. मेलेलं माकड, वटवाघूळ, कावळा, बगळा यांना हात लावू नका, काठीनं उलथंपालथं करू नका. वनरक्षकाला किंवा पोलीस पाटलांना कळवा.

६. एका दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या किंवा बदकं दगावली तर ती ओढ्यात, खाडीत टाकू नका, विकू नका, खाऊ नका. मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवा. जनावरांच्या दवाखान्यात सांगा किंवा १९६२ या नंबरावर फोन करा.

७. ताडी, माडी, नीरा काढणाऱ्यांनी मडक्याचं तोंड आणि झाडाची छाटलेली जागा बांबूच्या चटईनं किंवा जाळीनं बंद करावी. बांगलादेशात अशी चटई लावल्यावर वटवाघळं रसाला तोंड लावीनाशी झाली. कुरतडलेला चिकू, आंबा, पेरू, जाम उचलून खाऊ नका, जनावरालाही घालू नका. चांगलं फळ धुऊन, सोलून खा.

८. घरात कुणाला जबर ताप आला, तर आरोग्य केंद्रात नुसतं ‘ताप आहे’ एवढंच सांगू नका. ‘आठ दिवसांपूर्वी गोचीड चावली’, ‘बोकड कापला होता’, ‘रानात माकडं मेली आहेत’, हे सांगा. डॉक्टरांना विचारायचं सुचलं नाही तरी तुम्ही सांगा. रक्त पडत असेल, रोगी बरळत असेल, तर भगताकडे किंवा झाडपाल्यात दिवस घालवू नका. १०८ ची गाडी बोलवा. रोग्याच्या रक्ताला, ओकारीला उघडा हात लावू नका. कोलाटला जे डॉक्टर आणि परिचारिका गेल्या, त्यांना जनावर नव्हे, रोगीच भेटला होता.

शेतकरी बंधूंनो, ही आठ कामं एका गावाच्या आवाक्यातली आहेत. सभा भरवायची गरज नाही. आशा ताई, जनावरांच्या दवाखान्यातले कर्मचारी, वनरक्षक आणि पोलीस पाटील, या चौघांचे फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवा. म्हणजे कुणाला काय दिसलं तर कुणाला सांगायचं, हा प्रश्न पडणार नाही. भात लावणी आधी बांध नीट करतो, पाऊस आल्यावर नव्हे. हेही तसंच आहे.

पत्रिका वाचून झाली की घडी करून ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि मग शेजारच्या पाड्यावर द्या.